अंगभूत सामर्थ्याची ओळख आणि त्यावरील विश्वास : बीड जिल्ह्यातील एका उदाहरणाच्या आधारे

प्रस्तावना

परळी वैजनाथ आणि परिसरातील महाविद्यालयांत प्रथम वर्षाला प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याला "तुला काय येते?" असे विचारले, तर बहुतेक वेळा उत्तर येते, "विशेष काही नाही, सर." हे उत्तर नम्रतेतून आलेले असते असे मानण्याचा प्रघात आहे. प्रत्यक्षात त्या विद्यार्थ्याला खरोखरच तसे वाटत असते. हाच विद्यार्थी कदाचित आईवडील ऊसतोडीला गेल्यावर सहा महिने घर, धाकटी भावंडे आणि जनावरे सांभाळत असतो. मुकादमाकडून घेतलेल्या उचलीचा हिशोब त्याला तोंडपाठ असतो. परंतु या गोष्टी 'येण्या'च्या सदरात मोडतात, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. त्याच्या लेखी त्या केवळ अडचणी असतात.

व्यक्तिमत्त्व विकासाच्या कार्यशाळांतून 'स्वतःवर विश्वास ठेवा' हे वाक्य वारंवार ऐकवले जाते. वाक्य चुकीचे नाही. पण ते अपुरे आहे. नेमका कशावर विश्वास ठेवायचा, तो कोणत्या पुराव्यावर ठेवायचा आणि तो पुरावा कोणी गोळा करायचा, हे प्रश्न त्यात अनुत्तरित राहतात. प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा विचार मानसशास्त्रातील काही मूलभूत संशोधनाच्या आणि बीड जिल्ह्यातीलच एका खेळाडूच्या वाटचालीच्या आधारे केला आहे.

संकल्पनेचा उलगडा

या विषयावरील सर्वांत प्रभावी मांडणी आल्बर्ट बांडुरा (१९२५–२०२१) यांची आहे. कॅनडातील एका लहानशा खेड्यात, मोजक्या शिक्षकांच्या आणि तुटपुंज्या साधनांच्या शाळेत त्यांचे शिक्षण झाले. अशा शाळेत विद्यार्थ्यांना आपल्या शिकण्याची जबाबदारी स्वतःच उचलावी लागते, हा अनुभव पुढे त्यांच्या विचारांत उतरलेला दिसतो. ग्रामीण महाविद्यालयांतील अध्यापकांना हा तपशील परका वाटणार नाही. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात त्यांनी 'स्वक्षमताविश्वास' ही संकल्पना मांडली. एखादे विशिष्ट काम आपण पार पाडू शकतो, हा व्यक्तीचा स्वतःविषयीचा अदमास म्हणजे स्वक्षमताविश्वास होय.

येथे 'विशिष्ट' हा शब्द महत्त्वाचा आहे. 'मी चांगला आहे' ही भावना म्हणजे आत्मसन्मान. 'हे गणित मी सोडवू शकेन' हा अदमास म्हणजे स्वक्षमताविश्वास. या दोहोंची गल्लत केल्याने बरेच श्रम वाया गेले आहेत. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९८६ साली आत्मसन्मान वाढविण्यासाठी चक्क एक शासकीय समिती नेमली होती. आत्मसन्मान वाढला की शैक्षणिक अपयशापासून व्यसनाधीनतेपर्यंतचे प्रश्न सुटतील, अशी अपेक्षा होती. २००३ साली रॉय बाउमाइस्टर आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधनाचा विस्तृत आढावा घेतला, तेव्हा आत्मसन्मान वाढविल्याने शैक्षणिक कामगिरी सुधारते याला भक्कम आधार मिळाला नाही. उलट चांगल्या कामगिरीमुळे आत्मसन्मान काही अंशी वाढतो, असे दिसले. नुसत्या स्तुतीने विद्यार्थी घडत नाही, हे जुन्या पिढीतील शिक्षकांना या आढाव्याआधीही ठाऊक होते, ही गोष्ट वेगळी.

बांडुरा यांनी या विश्वासाचे चार उगम सांगितले. स्वतः काम पार पाडल्याचा प्रत्यक्ष अनुभव हा सर्वांत बळकट. आपल्यासारख्याच दुसऱ्या कोणी ते केल्याचे पाहणे, विश्वसनीय व्यक्तीचे शब्द आणि स्वतःच्या शरीर-मनाच्या स्थितीचे वाचन हे उरलेले तीन. अध्यापक सर्वाधिक वापर करतात तो शब्दांचा. तोच पहिल्या उगमापेक्षा बराच दुबळा आहे.

स्वतःचे सामर्थ्य स्वतःला का दिसत नाही?

डेव्हिड डनिंग आणि जस्टिन क्रुगर यांचे १९९९ मधील संशोधन बहुधा एकाच बाजूने सांगितले जाते : ज्यांना कमी येते ते स्वतःला अधिक समजतात. त्याच संशोधनातील दुसरी बाजू ग्रामीण शिक्षणाच्या दृष्टीने अधिक मोलाची आहे. सर्वोत्तम कामगिरी करणाऱ्या गटाने इतरांच्या तुलनेतील आपले स्थान प्रत्यक्षाहून खाली मानले होते. याचे कारण असे, की जे आपल्याला सहज जमते ते सर्वांनाच जमत असेल असे माणूस गृहीत धरतो. त्याआधी १९७८ साली पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स यांनी उच्चशिक्षित, यशस्वी स्त्रियांचा अभ्यास केला होता. त्यांतील अनेकींना आपले यश योगायोगाचे आणि आपण त्यास अपात्र आहोत असे वाटत होते.

ज्या परिसरात कष्ट हाच नित्यक्रम आहे, तेथे ही अदृश्यता दुप्पट होते. गावातील प्रत्येक जण पायी चालत असेल, तर चालण्याची क्षमता ही क्षमता वाटतच नाही. ती गैरसोय वाटते आणि गैरसोय लपविण्याकडे माणसाचा कल असतो.

मांडवा ते पॅरिस

परळी बीड जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, तर आष्टी तालुका पश्चिम टोकाला. त्या आष्टी तालुक्यातील मांडवा या गावी १३ सप्टेंबर १९९४ रोजी अविनाश साबळे यांचा जन्म झाला. घर शेतकऱ्याचे. वाहनाची सोय नसल्याने शाळेसाठी सुमारे सहा किलोमीटरचे अंतर त्यांना लहानपणापासून पायी किंवा धावत कापावे लागे. बारावीनंतर ते सैन्यात, महार रेजिमेंटच्या पाचव्या बटालियनमध्ये दाखल झाले. धावपटू होणे हा त्यामागील हेतू नव्हता. हेतू नोकरीचा होता. सियाचेन, त्यानंतर राजस्थानचे वाळवंट आणि सिक्कीम अशा ठिकाणी त्यांनी सेवा बजावली. २०१५ मध्ये सैन्यांतर्गत क्रॉस कंट्री स्पर्धेत ते उतरले, तेव्हा वयाची विशी उलटून गेली होती. आंतरराष्ट्रीय दर्जाच्या धावपटूच्या दृष्टीने हा प्रारंभ उशिराचाच.

पुढे सैन्यातील प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्यांना तीन हजार मीटर स्टीपलचेसकडे वळविले. या शर्यतीत सात फेऱ्यांहून थोडे अधिक अंतर असते आणि २८ अडथळे व ७ पाण्याच्या उड्या पार कराव्या लागतात. नुसता वेग किंवा नुसता दम येथे पुरत नाही. दमलेल्या अवस्थेत पाऊल नेमके कोठे पडेल याचा अंदाज लागतो. साबळे यांच्याजवळ दम होता, हे क्रॉस कंट्रीत दिसले होते; तो नेमका कोणत्या शर्यतीला उपयोगी पडेल, हे प्रशिक्षकाला दिसले. सामर्थ्य असणे आणि त्याला योग्य जागा मिळणे या दोन वेगळ्या घटना आहेत. त्यांच्यात कित्येकदा वर्षांचे अंतर पडते आणि कित्येकांच्या बाबतीत दुसरी घटना घडतच नाही.

२०१८ साली, भुवनेश्वर येथील राष्ट्रीय खुल्या स्पर्धेत साबळे यांनी ८ मिनिटे २९.८० सेकंदांची वेळ देऊन गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा ८ मिनिटे ३०.८८ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम मोडला. सदतीस वर्षे टिकलेला विक्रम हा केवळ आकडा राहत नाही. भारतीय धावपटूची मर्यादा येथेच आहे, अशी ती एक सामूहिक समजूत बनते. मात्र त्यापुढील वाटचाल अधिक बोलकी आहे. २०१८ ते २०२४ या काळात साबळे यांनी हा राष्ट्रीय विक्रम एकूण दहा वेळा नव्याने नोंदविला. ७ जुलै २०२४ रोजी पॅरिस डायमंड लीगमध्ये तो ८ मिनिटे ९.९१ सेकंदांवर आला. सुमारे सहा वर्षांत वीस सेकंदांची ही घट एका झेपेत आलेली नाही. कधी एका सेकंदाहून कमी, कधी तीन-चार सेकंद अशी ती आलेली आहे. बांडुरा ज्याला प्रत्यक्ष यशाचा अनुभव म्हणतात, त्याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल. प्रत्येक नोंद पुढच्या नोंदीसाठी पुरावा ठरत गेली.

याच काळात परदेशी प्रशिक्षक निकोलाय स्नेसारेव्ह यांच्याकडेही त्यांनी काही काळ सराव केला. तेथील काटेकोर पद्धत मानवली नाही, तेव्हा ते पुन्हा अमरीश कुमार यांच्याकडे परतले. नामवंत मार्गदर्शकाची पद्धत आपल्याला लागू पडत नाही, हे ओळखणे आणि तसे वागणे हाही स्वतःच्या सामर्थ्यावरील विश्वासाचाच भाग आहे. आपल्याकडे तो बहुधा उद्धटपणात जमा केला जातो.

दुसऱ्याच्या उदाहरणाचा उगम मात्र साबळे यांच्या बाजूने नव्हता. राष्ट्रकुल स्पर्धांत १९९८ ते २०१८ या सलग सहा वेळा पुरुषांच्या स्टीपलचेसमधील तिन्ही पदके केनियाच्या धावपटूंनी पटकावली होती. २०२२ मध्ये बर्मिंगहॅम येथे साबळे यांनी ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक मिळविले. सुवर्ण अवघ्या ०.०५ सेकंदाने हुकले. स्त्रियांच्या विभागात सातारा जिल्ह्यातील दुष्काळी माण तालुक्याच्या ललिता बाबर यांनी याच शर्यतीत २०१६ च्या रिओ ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठून दहावे स्थान मिळविले होते. माण आणि आष्टी या दोन्ही अवर्षणप्रवण तालुक्यांतून एकाच प्रकारच्या शर्यतीचे धावपटू यावेत, यामागे काही नियम आहे असे म्हणण्याचे धाडस करू नये. पण बीडच्या विद्यार्थ्यासमोर आता दोन परिचित उदाहरणे आहेत, एवढे निश्चित.

निकाल आणि सामर्थ्य यांतील अंतर

टोकियो ऑलिंपिकमध्ये साबळे यांनी ८ मिनिटे १८.१२ सेकंदांचा तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम केला आणि तरीही ते प्राथमिक फेरीतच बाद झाले. २०२३ च्या जागतिक स्पर्धेत बुडापेस्ट येथेही अंतिम फेरी हुकली. त्यानंतर दोनच महिन्यांच्या आत हांगचौ येथील आशियाई स्पर्धेत त्यांनी ८ मिनिटे १९.५० सेकंदांत सुवर्णपदक जिंकले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत ते अकरावे आले. वेळ होती ८ मिनिटे १४.१८ सेकंद. म्हणजे अकराव्या क्रमांकाची धाव सुवर्णपदकाच्या धावेपेक्षा पाच सेकंदांनी सरस होती. जो केवळ क्रमांक पाहील, त्याला हे कळणार नाही. जो घड्याळ पाहील, त्याला कळेल.

शिक्षणक्षेत्रात हे घड्याळ जवळजवळ नाहीच. विद्यार्थ्याला गुण आणि श्रेणी कळते, म्हणजे क्रमांक कळतो. मागील सहामाहीच्या तुलनेत त्याचे लेखन किती नेटके झाले, प्रयोगशाळेत त्याचा हात किती बसला, याची नोंद त्याच्या हाती पडत नाही. मग एका नापास शेऱ्याने त्याचा सगळा अदमास कोसळतो. जुलै २०२५ मध्ये मोनॅको येथे पाण्याच्या उडीत पडून साबळे यांच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली आणि शस्त्रक्रिया करावी लागली. आधीच्या दहा नोंदी त्यामुळे पुसल्या गेलेल्या नाहीत. विद्यार्थ्याकडे अशा नोंदी नसतात, ही खरी उणीव आहे.

एक सावधगिरी

या उदाहरणावरून गरिबी हीच गुणवत्तेची शाळा आहे, असा अर्थ काढणे घातक ठरेल. सहा किलोमीटर चालत शाळेत जाणारी मुले मराठवाड्यात हजारोंनी होती आणि आहेत. त्यांतील बहुतेकांच्या वाट्याला फक्त पायपीट आली. काहींची शाळाच सुटली. साबळे यांच्या बाबतीत फरक पडला तो सैन्यातील नियमित आहार, मैदान, स्पर्धा आणि पारखी प्रशिक्षक यांमुळे. अंगभूत सामर्थ्य व्यक्तीचे असले, तरी ते ओळखण्याचे काम एकट्या व्यक्तीवर सोपविणे हा अन्याय आहे. 'आत्मविश्वास बाळगा' असे सांगून संस्थेने हात झटकणे, हे त्या अन्यायाचे सभ्य रूप होय.

महाविद्यालयीन पातळीवरील कार्य

महाविद्यालयांजवळ यासाठीची साधने आधीच आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात गावकऱ्यांशी बोलणी कोण करतो, स्वयंपाकाचा अंदाज कोणाचा चुकत नाही, हे कार्यक्रमाधिकाऱ्याला दिसत असते. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या विचारातून आलेल्या 'कमवा व शिका' योजनेत विद्यार्थ्याची कामाची पद्धत रोज नजरेसमोर असते. परंतु शिबिर संपते, अहवाल जातो आणि ही निरीक्षणे विद्यार्थ्यापर्यंत पोहोचत नाहीत. "तू हुशार आहेस" यापेक्षा "शंभर माणसांच्या शिध्याचा तुझा हिशोब सात दिवस बरोबर आला, सांख्यिकीचा पेपर घेण्याचा विचार कर" हे वाक्य कितीतरी अधिक काम करते, कारण त्यात पुरावा आहे आणि दिशाही आहे.

पालक-शिक्षक योजनेच्या नोंदवहीत उत्पन्न, प्रवर्ग, गुण आणि हजेरी यांचे रकाने असतात. विद्यार्थ्याने आजवर स्वतःच्या बळावर पार पाडलेल्या तीन कामांचा रकाना त्यात वाढविण्यास कोणताही खर्च येत नाही. मात्र तो भरताना "तुझी बलस्थाने कोणती?" असे विचारून भागणार नाही, त्याचे उत्तर "विशेष काही नाही" हेच येईल. "घरी कोणते काम तुझ्यावाचून अडते?", "गावातील लोक तुझ्याकडे काय विचारायला येतात?", "कोणते काम करताना वेळ कसा गेला ते कळले नाही?" असे विचारावे लागेल. आणि ही विचारपूस प्रवेशानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच उरकावी लागेल. दसरा झाला की वर्गातील काही बाके रिकामी होऊ लागतात.