पायताण कोणाचे, पैसा कोणाला?

जून 2025 मध्ये इटलीतील मिलान शहरात प्राडा या बड्या कंपनीने आपल्या फॅशन शोमध्ये मॉडेल पोरांच्या पायात चपला घातल्या. चपला हुबेहूब कोल्हापुरी, पण कोल्हापूरचे नाव कुठेच नाही! महाराष्ट्रात संतापाची लाट उसळली. आपली अस्मिता, आपला वारसा, आपली संस्कृती अशा आरोळ्या उठल्या. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले, याचिका फेटाळली गेली. कंपनीने प्रेरणा भारतीय हस्तकलेची असल्याचे त्याआधीच कबूल केले होते आणि पुढे डिसेंबर 2025 मध्ये महाराष्ट्र व कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. 2 हजार जोड इकडच्या कारागिरांकडून करून घ्यायचे, आणि एका जोडाची किंमत सुमारे 800 युरो. म्हणजे आपल्या पैशात 80 हजारांच्या आसपास!

या सगळ्या गदारोळात आम्हाला एकच प्रश्न पडला. ‘आपला वारसा’ म्हणजे नेमका कोणाचा?

मेलेले ढोर ओढायचे महारांनी, कातडे कमवायचे ढोरांनी, जोडा शिवायचा चांभारांनी. घालून मिरवायचा मात्र वाड्यावरच्यांनी! ज्याने जोडा शिवला त्याला वाड्यासमोरून जाताना तो पायातून काढून हातात घ्यावा लागे. ही गोष्ट आपल्या आजोबा-पणजोबांनी भोगलेली आहे. कातड्याला हात लावणारा विटाळाचा आणि त्याच कातड्याचा जोडा मात्र प्रतिष्ठेचा, हा मनुवादी व्यवस्थेचा चमत्कार. आज अस्मितेच्या नावाने गळे काढणाऱ्यांपैकी किती जणांना कोल्हापुरातल्या सुभाषनगरची वाट ठाऊक आहे?

याच मंडळींचे दुसरे रूपही आम्ही पाहिले आहे. मार्च 2015 मध्ये राज्यात गोवंश हत्याबंदीचा सुधारित कायदा लागू झाला, बैलही त्यात आला. कातडे महागले आणि वाहतूक करणारा जीव मुठीत धरून गाडी हाकू लागला. जुलै 2016 मध्ये गुजरातेत उना येथे मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना भररस्त्यात अमानुष मारहाण झाली, ती साऱ्या देशाने पाहिली. चप्पल हवी, कातडे सोलणारा नको. याला वारसा जपणे म्हणतात काय?

पण दुसऱ्यांना बोल लावून आपण सुटणार नाही. बाजारात गेल्यावर आपण काय करतो, तेही पाहू. आम्ही स्वतः एकदा एका दुकानातून ‘अस्सल कोल्हापुरी’ जोड 300 रुपयांत घेऊन आलो. स्वस्तात मिळाला म्हणून घरी येऊन फुशारकीही मारली. पहिल्याच पावसात तळ फुगला आणि आतून पुठ्ठा बाहेर आला! वर रेक्झिन, आत पुठ्ठा, मध्ये खिळे. तो यंत्रावर निघालेला माल होता. आमचे 300 रुपये कोणत्या कारखानदाराला गेले कोण जाणे, कारागिराला नक्कीच गेले नाहीत.

खऱ्या जोडाला खिळा नसतो. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कमावलेले कातडे, रापीने कापलेले, कातडीच्याच वादीने शिवलेले. नवा असताना कडक असतो, पाय चावतो, तेल पाजून मऊ करावा लागतो. वेणी घालणे, शिवण घालणे ही डोळे फोडणारी कामे बहुतेक घरांत बायकाच करतात आणि दुकानाच्या पाटीवर नाव असते भलत्याचेच. 2019 मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या 8 जिल्ह्यांतला मालच त्या नावाने विकता येतो. 2025 मध्ये आपल्या चर्मोद्योग महामंडळाने जोडावर क्यूआर कोड देण्यास सुरुवात केली. मोबाईल लावला की कारागिराची माहिती कळते. दिवसभर मोबाईल चाळणाऱ्या आपल्या तरुणांनी दुकानदाराला एवढे तरी विचारावे, कोड कुठे आहे?

गिऱ्हाईक होण्यात काय ताकद असते, हे त्याच कोल्हापुरात लोकराजा राजर्षी शाहू महाराजांनी दाखवून दिले आहे. गंगाराम कांबळे महाराजांच्या पागेत नोकरीला होते. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून सवर्ण नोकरांनी त्यांना मारले. महाराजांनी गंगारामांना भर शहरात ‘सत्यसुधारक’ नावाचे चहाचे हॉटेल काढून दिले. पण गिऱ्हाईक येईना. महाराच्या हातचा चहा कोण पिणार? तेव्हा महाराज स्वतः तिथे गाडी थांबवून चहा पिऊ लागले आणि सोबतच्या बड्या मंडळींनाही पाजू लागले. राजा हुकूम काढू शकत होता, काढतही होता. तरीही या कामासाठी त्याला गिऱ्हाईक व्हावे लागले!

आपल्यालाही हे नवीन नाही. 6 डिसेंबरला शिवाजी पार्कवर पोटाला चिमटा काढून पुस्तके विकत घेणारा हा समाज आहे. तिथे आपण प्रकाशकाचे नाव पाहतो, लेखक पाहतो. मग लग्नाच्या खरेदीत, सणाच्या खरेदीत ही नजर कुठे जाते?

आमचे एक मित्र म्हणतात, अहो, बाबासाहेबांनी जातीचे धंदे सोडायला सांगितले आणि तुम्ही चपला विकत घ्या म्हणून सांगता? प्रश्न रास्त आहे. बाबासाहेबांचा विरोध होता तो जन्माने गळ्यात मारलेल्या, मान नसलेल्या आणि मोबदला नसलेल्या कामाला. आज पन्नाशीत असलेला कारागीर रापी टाकून कोणत्या कंपनीत जाणार? अनेक ठिकाणी कातडे व्यापाऱ्याकडून उधारीवर, जोड त्याच व्यापाऱ्याला, भावही त्याचाच. अशा हातांना पूर्ण दाम मिळाला तरच पुढच्या पिढीला धंदा निवडायची किंवा सोडायची मोकळीक मिळेल.

मागच्या हिवाळ्यात आम्ही याच मित्रांसह चर्मकारांच्या एका वस्तीत गेलो. उंबऱ्यात एक मावशी वेणी घालत बसल्या होत्या. जोडाचे 1,200 रुपये सांगितले. मित्र सवयीने म्हणाले, “मावशी, 800 घ्या की.” त्यांनी हातातला जोड खाली ठेवला. “दादा, मॉलमधी असं इचारता व्हय?”

मित्रांनी मुकाट्याने 1,200 मोजले. आम्ही विचारले, घरात आणखी कोण हे काम करते? “मी आन् ह्यांनी. पोरगी नर्सिंगला हाय, तिला ह्यात आणायची न्हाई.” एवढे बोलून त्यांनी दुसरा जोड मांडीवर घेतला.