दूध नव्हे, गाय!

तोरणमाळच्या यशवंत तलावाकाठी मी सहज हिशेब मांडला. मुंबईहून इथवर वाट 12 तासांची. रुग्णालयांत वापरतात त्या टेक्नेशियमचे अर्धायुष्य 6 तासांचे. घाट चढेतो चतुर्थांशच उरायचे! मानवाने घडविलेले हे पहिले मूलद्रव्य. 1937 साली पालेर्मोत पेरिए व सेग्रे यांना ते किरणमाऱ्यातून निघालेल्या मॉलिब्डेनमच्या पत्र्यात गवसले. शिरेत टोचले की त्याच्या किरणांनी हाडांचे, हृदयाचे चित्र मिळते. पण दूर न्यावे कसे? युक्ती अगदी गवळ्याची! दूध नासते, म्हणून गायच धाडायची. 66 तास अर्धायुष्याचे मॉलिब्डेनम शिशाच्या कवचातून पाठवितात. मिठाच्या पाण्याने त्यातून रोज ताजे टेक्नेशियम ‘दोहतात’. शास्त्रज्ञही त्या यंत्राला गायच म्हणतात! तोरणमाळच्या रुग्णाला मात्र घाट उतरून शहरातला तिचा गोठा गाठावा लागतो.