दगडाची धूळ आणि कामगाराचा श्वास

आजचा विषय आहे सिलिकोसिस. नाव परकं वाटेल, पण हा आजार ज्या दगडातून येतो तो आपल्या ओळखीचा आहे. दिल्लीचा लाल किल्ला, जोधपूरचा उमेद भवन राजवाडा ही वालुकाश्माची बांधकामं. राजस्थानात जोधपूर, करौली, धौलपूर, भरतपूर, बुंदी या भागांत हा दगड आजही निघतो. फरशी, कुंपणाचे खांब, छताच्या लांब पट्ट्या, सगळं त्याचंच.

माझ्या नोकरीतली काही वर्षं जोधपूरच्या बाजूला गेली. तिथे बांधकामाच्या निमित्तानं खाणीत राबलेली माणसं भेटायची. चाळिशीतला माणूस दहा पावलं चालून थांबायचा. विचारलं तर सांगायचा, "साहब, टीबी है. तीन बार दवाई खा चुका." तीनदा औषध घेऊन दम का जात नाही, याचं उत्तर दगडात आहे.

वालुकाश्म म्हणजे मुख्यतः क्वार्ट्झ, म्हणजेच सिलिका. ड्रिल मशीननं भोक पाडताना, छिन्नीनं दगड फोडताना, कटरनं कापताना त्याची धूळ उडते. डोळ्यांना दिसणारी जाड धूळ नाकात, घशात अडकते. खरा धोका न दिसणाऱ्या धुळीचा. केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाहूनही बारीक असलेले कण थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचतात.

तिथे शरीराच्या पहारेकरी पेशी असतात. जंतू आला की त्याला गिळून संपवणं हे त्यांचं काम. सिलिकाचा कणही त्या गिळतात, पण तो पचत नाही. उलट पहारेकरीच मरतो, कण मोकळा होतो, दुसरी पेशी त्याला गिळते, तीही मरते. या झटापटीत आजूबाजूला सूज येते आणि तिथे व्रणासारख्या कडक गाठी तयार होतात. स्पंजासारखं मऊ फुप्फुस घट्ट होत जातं. म्हणून धुळीचं काम सोडल्यावरही आजार पुढे सरकू शकतो. हे व्रण भरून काढणारं औषध आज नाही.

साधारणपणे दहा किंवा जास्त वर्षं धूळ खाल्ल्यावर हा आजार दिसतो. धूळ फार असेल तर पाच वर्षांच्या आतही दिसतो. १९९७ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं या धुळीला कर्करोगकारक ठरवलं.

आता टीबीचा गोंधळ. खोकला, दम, वजन घटणं ही लक्षणं दोन्ही आजारांत असतात, एक्स-रेवरचे डागही फसवतात. त्यात सिलिकोसिस झालेल्याला क्षय होण्याची शक्यता इतरांपेक्षा कित्येक पटींनी जास्त. गोळ्यांनी क्षयाचे जंतू मरतात, दगडाचे व्रण राहतात. म्हणून डॉक्टरांसमोर पहिलं वाक्य हे असलं पाहिजे: "मी इतकी वर्षं दगडाचं काम केलं आहे." तेवढ्यानं तपासाची दिशा बदलते.

आजार एकट्या कामगारापुरता राहत नाही. बुंदी जिल्ह्यातल्या बुधपुरा भागात फरसबंदीचे छोटे चौकोनी दगड घडवले जातात. ते युरोपात जातात. हे काम बायका आणि मुलंही करत आली आहेत, आणि तेही घराजवळच. म्हणजे धूळ घरात. कर्ता पुरुष अंथरुणाला खिळला की औषधांसाठी कर्ज, ते फेडायला मुलगा त्याच खाणीत. एका घरात बाप आणि लेक दोघांना हाच दम.

कायदा आहे का? आहे. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९५२ च्या खाण कायद्यानुसार सिलिकोसिसचा रुग्ण आढळला तर खाणमालकानं सरकारला कळवणं बंधनकारक होतं. तोवर लागू असलेल्या १९२३ च्या भरपाई कायद्यातही तो व्यवसायजन्य आजार होता. पण अडतं कागदावर. फौजेत प्रत्येक जवानाची नेमणूक, दुखापत, वैद्यकीय तपासणी यांची नोंद असते. नोकरीमुळे व्यंग आलं तर त्या नोंदींवर त्याचं पेन्शन ठरतं. खाणीतल्या बऱ्याच मजुरांचं नाव हजेरीपटावरच नसतं. तो कोणत्या मालकाकडे किती वर्षं होता, हे सिद्ध कसं करायचं?

राजस्थान सरकारनं २०१९ मध्ये स्वतंत्र धोरण आणलं. वैद्यकीय मंडळानं सिलिकोसिसचं प्रमाणपत्र दिलं की रुग्णाला तीन लाख रुपये आणि मृत्यूनंतर कुटुंबाला दोन लाख, शिवाय मासिक पेन्शन. हा मोठा आधार आहे. पण ही मदत फुप्फुस खराब झाल्यानंतरची. पैसे सरकारी तिजोरीतून जातात आणि खाणीतली धूळ तशीच उडत राहते.

धूळ थांबवायचा उपाय जुना आणि स्वस्त आहे: पाणी. ड्रिलच्या टोकाशी पाण्याची बारीक धार सोडली की धूळ उडण्याआधीच चिखल होते. तोंडावरचा गमछा बारीक कण अडवत नाही. चांगला मास्क अडवतो, पण तो चेहऱ्याला घट्ट बसला तरच. जोधपूरच्या उन्हात आठ तास दगड फोडताना तो कोण लावून ठेवेल? फौजेत आम्हाला शिकवतात की धोका उगमापाशी रोखावा, शिपायाच्या चिलखतावर सगळी भिस्त ठेवू नये. इथेही तेच.

हे सगळं राजस्थानपुरतं समजू नका. आपल्याकडच्या खडी क्रशरवर, पाथरवटाच्या कामावर हीच धूळ असते. तुमच्या स्वयंपाकघराचा ओटा बसवताना ग्रॅनाइट कोरडा कापला जातो, तेव्हाही हीच. कृत्रिम क्वार्ट्झच्या ओट्यात तर सिलिकाचं प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वर असू शकतं. ऑस्ट्रेलियानं जुलै २०२४ पासून त्यावर बंदी घातली आहे.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०३० पर्यंत सिलिकोसिस संपवायचं उद्दिष्ट ठेवलं होतं. वर्षं थोडी उरली आहेत. तुम्ही एवढं करा: घरी कारागीर आला की त्याला पाण्याची बादली द्या आणि ओलं कापायला सांगा. ओळखीत कुणी दगडाचं काम करत असेल आणि दम लागत असेल, तर त्याला छातीच्या डॉक्टरकडे पाठवा आणि कामाचा इतिहास सांगायला लावा. ठेकेदार ओळखीचा असेल तर हजेरीपट ठेवतो का, ते विचारा.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.