टाच दुखतेय? आधी पोटरी ताणा!

सकाळी पाय जमिनीला टेकला की टाचेत सणकन कळ, चार पावलं चाललं की जरा बरं, बराच वेळ बसून उठलं की पुन्हा तेच? बहुधा हा प्लांटर फॅसायटिस. टाचेपासून बोटांपर्यंत तळव्याची कमान तोलणारा जाड पट्टा असतो, त्याचं टाचेकडचं टोक सततच्या ताणाने दुखावतं.

एक्स-रेत 'हाड वाढलंय' दिसलं की लोक धास्तावतात. पण असं हाड टाच अजिबात न दुखणाऱ्या कित्येकांनाही असतं!

खरा उपाय कंटाळवाणा आहे. अंथरुणातून उतरण्याआधीच दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या, बोटं हाताने नडगीकडे ओढा, 10 सेकंद धरा. असं 10 वेळा, दिवसातून तीनदा. भिंतीला हात टेकून पोटरीही ताणा. फरशीवर अनवाणी फिरणं बंद, घरातली मऊ चप्पल वेगळी ठेवा (आजी ओरडेल, ओरडू दे). गोठवलेली पाण्याची बाटली तळव्याखाली फिरवल्यानेही आराम पडतो. मधुमेहाने पाय बधिर असतील तर ही गार बाटली मात्र नकोच.

बरं व्हायला महिने लागतात, शस्त्रक्रिया क्वचितच. झोपेतही ठणका, सूज, मुंग्या असतील तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.