लिहिता हात

मळणी यंत्रात सापडलेला, पक्षाघाताने लुळा पडलेला किंवा कुष्ठरोगाने बोटे वाकलेला हात घेऊन घनसावंगी-मंठ्याकडून रुग्ण येतात, तेव्हा सहीचा विचार कोणाच्या मनात नसतो. तो बँकेत अंगठा उमटवताना येतो. साक्षर माणसाला तो अंगठा किती जड जातो, हे आम्ही पाहिले आहे.

बारीक पेन धरण्यास बोटे पूर्ण मिटावी लागतात. पेनावर सायकलच्या मुठीचे रबर चढवले, की तेवढी गरज उरत नाही. पकड मुळीच नसेल तर तळहाताभोवतीच्या पट्ट्याला खिसा शिवून त्यात पेन वा कुंचला खोवतात. हे काम गावचा शिंपीही करू शकतो. हालचाल मग खांद्यातून व कोपरातून होते. म्हणून प्रारंभी अक्षर मोठे येते आणि चित्र त्याआधी जमते. लोंबणाऱ्या मनगटास किंचित वर उचलून धरणारी स्प्लिंट लागते.

एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. कुष्ठरोगाचे जंतू औषधांनी मरतात. परंतु बधिर हाताची संवेदना पुष्कळदा परतत नाही. पट्टा काचला तरी रुग्णास कळत नाही. घरच्यांनी रोज पट्टा काढून कातडी पाहावी. लाली टिकून राहिली तर पट्टा थांबवून आमच्याकडे यावे.

परीक्षार्थींच्या पालकांनी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र वेळेत काढावे. केंद्र शासनाच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत लेखनिकाची सोय आणि दर तासाला किमान २० मिनिटे अधिक वेळ दिला होता.