दवाखान्यासाठी चित्र काढवून घेताना

मंडळी, आपल्या गावच्या दवाखान्यात बाकावर बसून समोरच्या भिंतीकडे कधी नीट पाहिले आहे का? एका बाजूला फुफ्फुसाचा छेद, दुसरीकडे फणा काढलेला नाग, आणि मध्ये मागल्या सालचे कॅलेंडर! माहितीचे तक्ते हवेतच, नाही असे नाही. पण तापाने फणफणलेले लेकरू मांडीवर घेऊन तास तास बसलेल्या माउलीला त्या भिंतीकडून काय मिळते? तिची भीती मात्र वाढते. तेव्हा पंचायतीने किंवा डॉक्टरसाहेबांनी ‘इथे मनाला उभारी देणारे एक चित्र काढवून घेऊ’ असे ठरवले, तर ते काम कसे करावे, ते पाहू.

आधी एक गोष्ट ध्यानात ठेवा. चित्राने रोग बरा होत नाही. औषधाचे काम औषधानेच करायचे. मात्र डोळ्यांना काय दिसते याचा प्रकृतीशी काहीच संबंध नाही, असेही म्हणता येत नाही. रॉजर उल्रिक या अमेरिकन संशोधकाने पेनसिल्व्हेनियातील एका इस्पितळाची १९७२ ते १९८१ या काळातली दप्तरे तपासली. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रोग्यांच्या त्याने २३ जोड्या लावल्या. जोडीतल्या एकाला खिडकीतून झाडे दिसत, दुसऱ्याला विटांची भिंत. झाडे पाहणारे सरासरीने थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना वेदना मारणारी तीव्र औषधे कमी लागली, असे त्याने १९८४ साली प्रसिद्ध केले. ती खिडकी होती, चित्र नव्हे. आणि अभ्यासही लहानच. तरी विषय निवडायला त्यातून दिशा मिळते: झाडे, हिरवळ, मोकळे आकाश.

पण विषय गावाला विचारून ठरवावा. ज्या गावाने पुरात माणसे गमावली, तिथे नदीचे चित्र कितीही सुरेख असले तरी नको. उघडेबोडके रान, वादळ, एकटे बसलेले माणूस हेही टाळावे. श्रावणातले शेत, वडाखालची सावली, घराकडे परतणारी गुरे अशी ओळखीची दृश्ये घ्यावी. पाहताक्षणी कळेल असे चित्र हवे. घाबरलेल्या माणसाला कोडे घालू नये.

मग पाहणारा कुठून पाहतो, याचा विचार करा. फिनलंडमध्ये पायमिओ येथे क्षयरोग्यांचे आरोग्यधाम १९३३ साली पुरे झाले. आल्वार आल्टो या वास्तुशिल्पकाराने तिथल्या खोल्यांच्या छताला मंद हिरवा रंग दिला. का? तर निजून असलेल्या रोग्याला दिवसभर छतच दिसते! आपल्या दवाखान्यात लोक बसलेले असतात. बाकावरच्या माणसाची नजर जमिनीपासून पावणेचार फुटांच्या आसपास येते. चित्राचा मध्य त्याहून थोडाच वर असावा. लहान मुलांसाठी खालच्या भागात एखादे वासरू, दोन कोंबड्या असू द्याव्या.

रंग प्रसन्न हवेत, भडक नकोत. डॉक्टर रोग्याला तपासतात त्या खोलीच्या भिंती मात्र फिक्याच ठेवाव्या. पिवळ्याधमक भिंतीचा उजेड अंगावर पडला, तर कावीळ ओळखताना डोळा फसू शकतो.

चित्रकाराशी बोलणी करताना मोघमपणा नको. लांबी-रुंदी, मोबदला, उचल, रंगसामान कोणी आणायचे, काम केव्हा पुरे व्हायचे, हे सारे कागदावर उतरवावे. आधी रंगीत कच्चे चित्र मागावे. ते चार जणांना, त्यातही बायाबापड्यांना, दाखवावे. बदल सांगायचे ते त्याच वेळी सांगावे. काम निम्म्यावर आल्यावर ‘इथे एक मंदिर घाला, तिथे एक मोटार काढा’ असे म्हणू नये. त्याने कलावंताचेही मन मोडते आणि चित्रही बिघडते.

भिंत ओली असेल तर तिच्यावर रंगवू नका; ओल आली की पोपडे सुटतात. अशा ठिकाणी फळीवर किंवा कॅनव्हासवर चित्र करून टांगावे. दारासमोर काच बसवली, तर चित्राऐवजी रस्ताच चमकत राहतो, हेही पाहून घ्या.

गुरुजी, या कामात तुमची मदत मोठी. एक दिवस वरच्या वर्गातली मुले घेऊन दवाखान्यात जा. बाकावर बसा, भिंत मोजा, उजेड कुठून येतो ते पाहा. आणि शेजारी बसलेल्या आजीबाईंना विचारा, “आजी, इथं बसल्या बसल्या तुम्हाला काय पाहायला आवडेल?” त्या जे सांगतील, तिथूनच चित्राला सुरुवात करावी.