तुळईचा पाळणा

माजघराच्या तुळईला लोखंडी कड्या असत. बारशाच्या दिवशी त्यांत साखळ्या अडकवून पाळणा टांगायचा आणि मूल हातांवर उठू लागलं की उतरवून माळ्यावर टाकायचा. मधल्या काळात त्याच कड्यांना दह्यादुधाची शिंकी लटकत. आता घरात स्लॅब आहे आणि फ्लॅट घेताना कडीची आठवण कुणाला राहते? पाळण्याला स्टँड लागतो. पाडलेल्या वाड्यातली तुळई वखारीत जाऊ न देता तिचाच स्टँडसकट पाळणा करून घेणारे आजी-आजोबा अलीकडे भेटतात. हौस चांगली आहे, पण नुसत्या हौसेवर पाळणा उभा राहत नाही.

पुण्याच्या पेठांतले वाडे खांब, तुळया आणि कडीपाटावर उभे असत, आणि ऐपतीच्या घरी हे सगळं सागाचं. 1961 च्या पानशेतच्या पुरात नदीकाठचे कित्येक वाडे बसले. उरलेले एकेक करून पुनर्विकासात चाललेत. त्यांचा साग जंगलात सावकाश वाढलेला, भरीव. गाभ्यातल्या तेलकट द्रव्यांमुळे वाळवी सहसा त्याच्या वाटेला जात नाही. सालीलगतचा पांढरट भाग मात्र किडा आवडीनं खातो. तिथे बारीक भोकं आणि पिठासारखा भुसा दिसला की तेवढा भाग तोडून टाकायचा, मग फळी अरुंद झाली तरी चालेल. ब्रह्मदेशी सागाचं नाव अजून आदरानं घेतात. तिथल्या सरकारनं 2014 मध्ये ओंडक्यांची निर्यातच थांबवली.

खरी कसोटी सुतारकामाच्या आधीची. जुन्या तुळईत खिळे असतात, डोकं तुटून आत राहिलेलेही. सॉ मिलवाला अशा लाकडाला हात लावायला राजी नसतो, कारण एका खिळ्यानं पातं जातं. म्हणून आधी लोहचुंबक फिरवायचा आणि जिथे लाकूड काळं पडलंय तिथे पटाशीनं कोरून बघायचं. या कामात सुताराचा अख्खा दिवस जातो आणि त्याची मजुरी द्यायला लोक कुरकुरतात. वास्तविक पाळण्याच्या खर्चातला हाच भाग विनातक्रार द्यावा.

दुसरी गोष्ट रंग. वाड्याच्या लाकडावर तेलरंगाचे थरावर थर असतात आणि जुन्या रंगांत शिसं असे. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशाला 90 पीपीएमची मर्यादा आली ती 2017 च्या नोव्हेंबरात. दात येणारं मूल कठडा चावणारच. त्यामुळे हा रंग कोरडा घासू नये, की बत्तीनं जाळू नये. धूळ आणि धूर दोन्ही वाईट. वरचा थर करवतीनं फळीसकट काढून घरापासून लांब टाकावा. जुनेपणा दिसावा म्हणून रंगाचे पोपडे तसेच राखण्याची एक फॅशन आहे. हॉटेलच्या भिंतीवर ती शोभते, पाळण्यावर नाही.

तुळई चिरली की आतून सोनेरी लाकूड निघतं आणि कातड्यासारखा वास सुटतो. फळ्या लगेच जोडू नयेत, काही आठवडे हवेशीर रचून ठेवाव्यात. जाडी दोन सेंटिमीटर पुरे. मीटरभर लांब आणि तीस सेंटिमीटर रुंद अशी एक फळीच चार किलोच्या आसपास भरते. जाडीचा मोह धरला तर पाळणा हलवायला दोघं लागतील. गजांमधलं अंतर सहा सेंटिमीटरच्या आत हवं, म्हणजे अंग निसटून डोकं अडकायची भीती राहत नाही. शेवटचा हात चपडा लाखेचा द्यावा. औषधाच्या गोळ्यांनाही तिचाच मुलामा देतात.

सांध्यांबाबत माझा आग्रह आहे. स्टँड खाच आणि कुसू करून, आरपार पाचर मारून जोडावा, खिळे-फेविकॉलनं नव्हे. सागाच्या तेलकटपणामुळे गोंद तसाही नीट धरत नाही. पण मुख्य कारण वेगळं. पाळणा लागतो जेमतेम पाच-सहा महिने. पाचरी काढून ज्याचं गाठोडं बांधता येतं तो पाळणा पलंगाखाली मावतो आणि पुढच्या बारशाला रिक्षातून जातो. जो खोलता येत नाही त्याच्यात वर्षभरात खेळणी, मग रद्दी भरते. आपल्याकडे ज्या घरची मुलं धडधाकट वाढली तिथला पाळणा मुद्दाम मागून नेत. पाळणे टिकले ते या मागून नेण्यामुळे. वापरायचा नाही, फक्त आठवण म्हणून करायचा असेल, तर त्याच लाकडाचा एक पाट करावा. मुलाला तो मुंजीपर्यंत आणि पुढेही कामी येईल.

तुमचा वाडा पाडायचा ठरला असेल तर एक करा. पाडकामाचं लाकूड बहुतेक वेळा ठेकेदाराच्या वाट्याला जातं, त्यातूनच तो आपला हिशेब जुळवतो. तेव्हा सही करण्याआधी दोन तुळया आणि एक दार आपल्या नावानं करारात लिहून घ्या. नंतर त्याच तुळया वखारीतून विकत घ्याव्या लागतात.